खुर्चीला टेफ्लॉनचे बूट

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरात जुनी शहाबादी फरशी आहे. सागवानी खुर्ची ओढली की खालच्या मजल्यावरच्या काकू दचकायच्या. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून टेफ्लॉनच्या (नॉनस्टिक तव्यावर असतो तो गुळगुळीत पदार्थ) तळाचे बूट आणून खुर्चीच्या पायांना बसवले, आणि मी मनापासून खूश आहे. बूट नसताना खुर्ची ओढली की तिचा पाय क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. करकर होते ती त्या थरथरीची. टेफ्लॉनला जागचं हलवायला आणि सरकतं ठेवायला जवळपास सारखंच बळ लागतं, म्हणून ही थरथर उठतच नाही. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाच्या) चकत्याही शांत असतात, पण त्यांत बारीक वाळू रुतते आणि चरे पडतात. बुटाची कड गोल बघून घ्या, नाहीतर फरशीच्या सांध्यात ठेचकाळते. चिकटवायचे नकोतच, स्क्रूचे घ्या. सागवानात आधी बारीक भोक पाडा, लाकूड चिरत नाही. जेवणाचं टेबल मात्र सरकायला नको, त्याला रबरच बरं.