आसोद्याचं ऑर्डरचं भरीत: चव पक्की, पार्सल कच्चं

बहिणाबाई चौधरींचं (1880–1951) माहेर असलेल्या, जळगावला लागून असलेल्या आसोद्यात चंपाषष्ठीपासून भरिताचा हंगाम रंगतो. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं पुन्हा ताटात येतं आणि मळ्यामळ्यात पार्ट्या सुरू होतात. वांगं हिरवं, मोठं, कमी बियांचं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

इथे भाजणी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर (वाळलेल्या काड्यांवर) होते, गॅसवर नाही. खरी मजा त्या धुरातच. वांग्याला आधी टोचे मारून तेलाचा हात लावतात. टोचे विसरले तर वांगं फुटतं आणि गर राखेत. सोललेला गर हिरवी मिरची-लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचलेला असतो. मिक्सर लावला की नुसता लगदा! फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची भरपूर पात. सोबतची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी खुसखुशीत, पण गरमच खावी.

खोट आहे ती ऑर्डर देऊन घेतलेल्या भरिताच्या पार्सलमध्ये. गरम भरीत डब्यात कोंबल्याने वाफ धरते, पाणी सुटतं. निवल्यावर भरायला सांगा. भाजून-सोलून वांगी बरीच घटतात, तेव्हा भाव कच्च्या वांग्याच्या वजनावर की तयार भरिताच्या, हे आधीच विचारून घ्या.