नोकरी सांभाळून बेकिंग: केक, कुकीज की पाव?

नोकरी चालू ठेवून घरून ऑर्डर घ्यायच्या ठरवल्या की सगळ्यात आधी ठरवावं लागतं ते काय विकायचं. क्लास, ओव्हन, पेजचं नाव हे सगळं त्यामागून येतं. बहुतेक जण आपोआप क्रीमच्या केककडे वळतात. घरच्या वाढदिवसाला केलेला केक बघून कुणीतरी म्हणतं, "अगं, आमच्या छोटीलाही करून दे ना, पैसे घे पण." कौतुक मनापासूनचं असतं, करायलाही मजा येते, आणि बघता बघता प्रत्येक शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या वाढदिवसांना वाहिलेला असतो.

नोकरदार माणसाकडे हौस असते, सुरुवातीपुरते पैसेही असतात. टंचाई असते ती वेळेची, आणि त्यातही आपल्या मर्जीने पुढेमागे करता येईल अशा वेळेची. म्हणून पदार्थ निवडताना तो कुणाच्या घड्याळावर चालतो हे मी पहिल्यांदा बघते. केक गिऱ्हाईकाच्या घड्याळावर चालतो, पाव पिठाच्या, आणि कुकीज, नानकटाई, टी-केक हा कोरडा माल बराचसा आपल्या.

क्रीमचा केक

शनिवारी संध्याकाळी सहाला द्यायच्या एक किलोच्या केकचं काम गुरुवारी रात्री सुरू होतं. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीमचा पुडा फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये उतरवायचा, कारण तो सावकाशच वितळायला हवा. ओट्यावर ठेवून घाईने वितळवला तर क्रीम हवं तसं फुलत नाही. (किराणा दुकानात मिळणारी 25 टक्के फॅटची फ्रेश क्रीम कितीही फेटली तरी उभी राहत नाही, तेव्हा ऐनवेळी तिचा आधार घेता येत नाही.) शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर स्पंज भाजायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, क्लिंग रॅपमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा. शनिवारी थर कापायचे, साखरेचं पाणी द्यायचं, क्रीम भरायची, पातळ क्रम्ब कोट (सुटे कण धरून ठेवणारा क्रीमचा पहिला थर) द्यायचा, अर्धा तास फ्रिज, मग शेवटचा हात आणि सजावट. मध्येच व्हॉट्सॲपवर फोटो येतो, "असाच हवा, फक्त निळ्याऐवजी पिस्ता रंग, आणि नाव मराठीत."

यातलं कुठलंही काम एकट्याने फार मोठं नाही. अडचण एवढीच की वाढदिवसाची तारीख हलत नाही. शुक्रवारी साडेसहाला साहेबांनी मीटिंग लावली किंवा लोकल रखडली तर केक सोमवारी देतो असं म्हणायची सोय नसते. त्यात मे महिना. मुंबईच्या दमट उकाड्यात आणि पुण्याच्या चाळिशीला टेकलेल्या उन्हात क्रीम लावता लावता बसायला लागते. दुचाकीवरून केक पाठवणं तर कुठल्याच ऋतूत भरवशाचं नाही.

पैशाचा अंदाज घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव घालून बघा. एक किलोचा केक 1,000 रुपयांना गेला, सामान, बोर्ड, डबा, वीज मिळून 400 लागले, तर हातात 600 उरतात. फोटोंची देवाणघेवाण, सजावट, आवराआवर आणि केक सुपूर्द करणं धरून चार तास गेले, म्हणजे तासाला 150 रुपये. बहुतेक जण हे तास मोजतच नाहीत आणि 600 रुपयांना नफा म्हणतात.

तरीही केकच निवडावा अशी माणसं असतात. ज्यांचा जीव पॅलेट नाइफमध्ये (क्रीम सपाट करायच्या सुरीत) आहे, फिरत्या टर्नटेबलवर केकची कड सरळ आली की ज्यांचा आठवड्याचा शीण उतरतो, त्यांना कुकीज विकून समाधान मिळणार नाही. त्यांनी केकच करावेत, पण कुंपण घालून: आठवड्याला दोन ऑर्डर, बुधवारी रात्रीनंतर नवीन घ्यायची नाही, चव तीन-चारच, आणि केक गिऱ्हाईकाने स्वतः येऊन न्यायचा. एगलेस आणि अंड्याचा असे दोन्ही करायचे असतील तर भांडी, बीटर, ब्रश वेगळे ठेवा. आपल्याकडे एगलेस मागणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्यासाठी हा श्रद्धेचा विषय असतो.

कोरडा माल

माझा कौल इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या बटर कुकीजचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. रविवारी दुपारी दोन किलोचा डो (कुकीजचं पीठ) मळा, त्याच्या दीड-दोन इंच जाडीच्या वळकट्या करा, बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा आणि फ्रीझरमध्ये टाका. आता हा डो तुमची वाट बघतो. मंगळवारी घरी आल्यावर ओव्हन 170 अंशांवर प्री-हीट करायला लावा, कपडे बदला, वळकटी पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवून सुरीने चकत्या पाडा. पंधरा मिनिटांच्या आसपास, कडा सोनेरी झाल्या की ट्रे बाहेर. एक ट्रे ओव्हनमध्ये असताना भाजी फोडणीला पडते, दुसरा असताना मुलांचा अभ्यास होतो. मंगळवारी उशीर झाला तर बुधवारी भाजा, कुणाचं काही अडत नाही.

गार झालेल्या कुकीज हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकतात. कुरिअरने नागपूरला जातात, नाशिकच्या आत्याकडे जातात, ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या पिशवीतून जातात. पुण्यातल्या कॅम्पमधल्या 1955 सालच्या कयानी बेकरीची श्रुसबेरी बिस्किटं गावोगावी पोचली ती याच गुणामुळे: टिकतात आणि प्रवास सोसतात. तुपातली नानकटाई, नाचणीची बिस्किटं, खारी-जिरा कुकीज, गुळाचे टी-केक अशा आपल्या चवींना इथे भरपूर वाव आहे. टी-केक मात्र तीन-चार दिवसांचाच सोबती, तो ऑर्डरपुरताच भाजावा.

हिशेबही इथे बरा जमतो. दोन किलो कुकीज 800 रुपये किलोने गेल्या, बटर (खर्चातला मोठा वाटा त्याचाच), मैदा, साखर, डबे, वीज मिळून 700 लागले आणि सगळे मिळून चार तास गेले, तर तासाला 225 पडतात. शिवाय दोनाचे चार किलो केले तर वेळ दुप्पट होत नाही, कारण मळणं, वजन करणं, आवरणं एकदाच होतं.

दोष आहेतच. पावसाळ्यात डबा दहा मिनिटं उघडा राहिला की कुकीज सादळतात. दिसायला साध्या, त्यामुळे इन्स्टाग्रामवर केकसारखी वाहवा मिळत नाही आणि पहिली गिऱ्हाइकं हळू जमतात. मागणी वर्षभर सारखी नसते, दिवाळीच्या भेटींसाठी एकदम उसळते. ऑफिसांकडून पन्नास-शंभर डब्यांची विचारणा आली तर आनंदाच्या भरात हो म्हणू नका. एका संध्याकाळी किती ट्रे निघतात ते माहीत असतं, त्याला हातातल्या संध्याकाळींनी गुणा, आणि तेवढे डबे भरले की ऑर्डर बंद. नाताळचा फ्रूट केकही याच गटात धरते. सुकामेवा काही आठवडे आधी भिजत घालता येतो आणि केक मुरला की अधिक चांगला लागतो, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची घाई नोव्हेंबरातच वाटून टाकता येते.

लागणारी सामग्रीही थोडी: 40 लिटरच्या आसपासचा ओटीजी (ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन), ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, हँड बीटर, चार ट्रे. 2000 वॅटचा ओव्हन तासभर सलग तापत राहिला तर दोन युनिट जळतात, थर्मोस्टॅटमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. साचे, डबे, बटर पेपर पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला घाऊक घ्या, चिल्लर खरेदीत नफा झिरपून जातो.

पाव

सावरडोचं (विकतच्या यीस्टऐवजी घरी आंबवलेल्या पिठावर फुगणाऱ्या पावाचं) वेड लागलेल्यांना थांबवणं कठीण, आणि थांबवूही नये. पण वेळापत्रक नीट बघा. शुक्रवारी रात्री स्टार्टरला (त्या आंबवलेल्या पिठाला) पीठ-पाणी, शनिवारी सकाळी मळणी, मग दर अर्ध्या तासाने पीठ ताणून घडी घालणं, एकूण चार-पाच तास फुगवण. उन्हाळ्यात त्याहून बरंच कमी, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आकार दिला की पीठ रात्रभर फ्रिजमध्ये जातं आणि रविवारी सकाळी झाकणाच्या जाड भांड्यात, ओव्हन जेवढा तापेल तेवढ्यावर भाजलं जातं. फ्रिजची ती रात्र नोकरदाराला मिळालेली मोठी सवलत आहे. पण घरगुती ओटीजीत असं भांडं एकावेळी एकच बसतं आणि एका पावाला पाऊण तास लागतो. पाच पाव म्हणजे रविवारची सकाळ संपली.

घरून काम करणाऱ्यांना हे जमतं, कारण दोन कॉलच्या मध्ये पिठाला घडी घालायला पाच मिनिटं पुरतात. रोज तीन तास प्रवास करणाऱ्यांनी पाव घरच्यांपुरता ठेवावा. आणि लादी पावाच्या वाटेला विकण्यासाठी जाऊ नये. गोव्यातला पोदेर (पाववाला) पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी पोई, उंडे, कात्रे पाव घेऊन सायकलवर दारात येतो. बेकऱ्यांची ती रोजची लय आणि तो भाव घरगुती ओव्हनला परवडणारा नाही. ज्याला जवळच्या बेकरीत पर्याय नाही असाच पाव विका: सावरडो, फोकाच्या (ऑलिव्ह तेलाचा इटालियन चपटा पाव), पूर्ण गव्हाचा.

शिकवण्याचा पर्यायही असतो. रविवारची अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतली तर माल नासत नाही आणि शुल्क आधी हातात येतं. पण शिकायला येणाऱ्यांनी तुमचं काही खाल्लेलं असावं लागतं, म्हणून हा वर्षा-दीड वर्षाने विचारात घ्यायचा मार्ग.

कागदपत्रं

तिन्ही पर्यायांना ही सारखीच लागतात. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी, घरून विकला तरीही. 2011 च्या नियमावलीत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी ठेवली आणि तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये होतं. अर्ज त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो, भरताना तिथली चालू मर्यादा आणि शुल्क बघून घ्या. मिळालेला 14 आकडी क्रमांक डब्यावर छापायचा, सोबत घटक, वजन, तारीख आणि शाकाहारी-मांसाहारीची खूण.

नोकरीची बाजू आधी तपासा. खासगी कंपनीच्या नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय न करण्याचं कलम असू शकतं, एचआरला लेखी विचारलेलं बरं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना 1979 चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि खासगी व्यापारासाठी पूर्वपरवानगी लागते. पगाराबरोबर व्यवसायाचं उत्पन्न सुरू झालं की प्राप्तिकर विवरणपत्राचा 'सहज' (आयटीआर-1) फॉर्म चालत नाही. छोट्या उलाढालीला 'सुगम' (आयटीआर-4) पुरतो, पण त्या वर्षी सीएकडे जाच. ऑर्डरच्या पैशांसाठी बँकेत वेगळं खातं उघडलंत तर ऑनलाइन आलेल्या शेकडो छोट्या रकमा मार्चमध्ये पगाराच्या खात्यातून निवडत बसावं लागणार नाही.

नोकरी सोडायचा विचार दिवाळीच्या महिन्यात करू नका, तेव्हा प्रत्येकाचाच धंदा चालतो. जून-जुलैचे सुस्त महिने पकडून सलग बारा महिन्यांचा हिशेब मांडा. त्यातून स्वतःच्या तासांची मजुरी वजा करा, कंपनी भरत असलेला पीएफचा वाटा आणि घरच्यांचा आरोग्य विमा स्वतः घ्यायचा झाला तर किती लागेल तेही वजा करा. एवढं करून दरमहा घरखर्च निघत असेल तर राजीनाम्याबद्दल घरात बोलायला घ्या. निघत नसेल तर नोकरी आणि फ्रीझरमधल्या वळकट्या दोन्ही आहेत तशाच चालू द्या.