कायोटीसाठी हलकी २०४ रायफल : दोन हिवाळे वापरल्यावर

कायोटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या जनावराची, चालून शिकार करणार असाल तर हलकी रायफल जरूर करून घ्या, पण वजन नळीतून काढू नका. दस्ता, दुर्बीण, ती बसवायच्या रिंगा, कुठूनही काढा. नळीला हात लावू नका. दोन हिवाळे खांद्यावर वागवल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉयसीच्या दक्षिणेला ओवायही काउंटीच्या माळावर, कायोटीची शिकार म्हणजे पायपीट. गाडी लांब लावायची, सेजब्रशच्या झुडपांतून मैलभर चालायचं, वारा तोंडावर घेऊन बसायचं आणि जखमी सशाचा आवाज काढायचा. पंधरा-वीस मिनिटांत काही आलं नाही तर उठायचं, पुढची टेकडी. दिवसभरात बार एखादाच होतो, कधी तोही नाही, पण रायफल मात्र सकाळपासून अंगावर असते. आयडाहोत कायोटी उपद्रवी प्राण्यांत मोडतो. शिकारीचा परवाना असला की वर्षभर मुभा. वसंतात कोकरं पडायला लागली की मेंढपाळ स्वतःहून आपल्या रानात यायची परवानगी देतात.

आता रायफलीविषयी. मूळ जनावर रेमिंग्टनची जुनी मॉडेल सेव्हन, २२३ या काडतुसाची, वापरलेली घेतली. हे मॉडेल १९८३ पासूनचं, आखूड आणि हलकं म्हणूनच काढलेलं. २०४ रूगर, म्हणजे ०.२०४ इंच व्यासाच्या गोळीचं काडतूस, निवडण्याचं व्यवहारी कारण असं की त्याचा बूड २२३ एवढाच आणि एकूण लांबीही तेवढीच. त्यामुळे बोल्ट तोच, मॅगझिन तेच, बदलायची फक्त नळी. हे काडतूस हॉर्नडी आणि रूगर यांनी मिळून २००४ मध्ये आणलं. त्याचं घर, म्हणजे पितळी नळकांडं, २२२ रेमिंग्टन मॅग्नम या जुन्या काडतुसाचं, तोंड आवळून बारीक केलेलं.

२२३ तशीच ठेवली असती तर चाललं नसतं का? चाललं असतं. काडतुसं स्वस्त, कुठेही मिळतात. पण २०४ ची ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी डब्यावरच्या आकड्याप्रमाणे सेकंदाला ३,९०० फुटांनी निघते. माझी नळी आखूड असल्याने त्यातले थोडे कमी धरा. दोनशे यार्डांवर नेम बसवला की तीनशेवर गोळी साधारण साडेचार इंच खाली जाते. कायोटी पळत आलेला असताना डोक्यात गणित करायला लागत नाही. दुसरं म्हणजे धक्का. रायफल हलकी केली की धक्का वाढतो, हे सगळेच विसरतात. याच वजनाच्या, पण २४३ या जास्त दमदार काडतुसाच्या रायफलीने बार काढला तर दुर्बिणीतून सावज निसटतं. २०४ मध्ये गोळी कुठे बसली ते दिसतं आणि दुसरा बार लगेच करता येतो. शिवाय गोळी सहसा आरपार जात नाही, कातडं कमी फाटतं.

नळीचा निर्णय गनस्मिथच्या दुकानात झाला. मला पेन्सिलीसारखी पातळ नळी हवी होती. आणखी आठ-दहा औंस वाचले असते. त्याने तसल्या नळीची एक तयार रायफल बोल्ट काढून हातात दिली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातल्या सहाच्या आकड्यावर नेम धरायला सांगितलं. क्रॉसहेअर, म्हणजे दुर्बिणीतली नेमाची फुली, पाचपासून सातपर्यंत सैरावैरा फिरत होती, तीही गार दुकानात, बिनधापेचा. मग मधल्या जाडीच्या नळीची दिली. तिचं तोंड जरा जड. क्रॉसहेअर सहाच्या आसपास रेंगाळला. वीस इंची, मधल्या जाडीची नळी ठरली. दिवाळीला देतो म्हणालेली रायफल हातात पडली संक्रांत उलटल्यावर; शिंपी काय नि गनस्मिथ काय.

बाकी वजन कार्बन फायबरच्या दस्त्याने उतरवलं. त्याला मूळ रायफलीपेक्षा जास्त पैसे गेले, हे घरी अजून सांगितलेलं नाही. वर ल्युपोल्डची २.५-८×३६ दुर्बीण, साडेअकरा औंसांच्या आतली. लोक हलक्या रायफलीवर ५० मिलिमीटरची भलीथोरली दुर्बीण चढवतात आणि वाचवलेलं वजन परत वर बांधतात, ते मला कधी कळलेलं नाही. पट्ट्यासकट सगळं मिळून सहा पौंड पाच औंस, म्हणजे तीन किलोच्या आत.

चालताना सुख आहे. चढावर खांदा भरून येत नाही आणि बसल्यावर हात थरथरत नाहीत. पण बसल्यावर रायफल टेकवायला दोन पायांची काठी लागतेच. जड रायफल वाऱ्यात स्वतःच्या वजनाने थोडी स्थिर राहते, ही राहत नाही. दस्त्याचा एक दोष सुरुवातीलाच जाणवला. तो आतून पोकळ, त्यामुळे सेजब्रशची वाळकी काटकी घासली की डबा वाजल्यासारखा आवाज होतो, आणि थंडीत तो लांबवर जातो. कापडी टेप गुंडाळून भागवलंय. दिसायला गचाळ, पण आवाज बंद.

खरी मर्यादा वाऱ्याची. स्नेक नदीच्या या पट्ट्यात वारा नसलेला दिवस विरळा. ताशी १० मैलांचा आडवा वारा असला तर ४० ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर तीन-सव्वातीन इंच सरकते, तीनशेवर साडेसात-आठ. हिवाळी केस फुगलेला कायोटी दिसतो मोठा, पण जागेवर लागायला हवी ती छाती हातभरसुद्धा नसते. म्हणून वारा असला की मी दोनशेच्या पुढे बार करत नाही. जखमी जनावर माळावर सोडण्यापेक्षा ते निघून गेलेलं बरं.

नळी तापते. पहिल्या तीन गोळ्या एका छिद्राला लागून बसतात, पाचव्यापासून घोळका पसरतो. कायोटीला याने काही फरक पडत नाही. पण वसंतात क्यूना गावाच्या बाजूला जमिनीवरच्या खारींवर दिवसभर डबेच्या डबे उडवणार असाल, तर ही रायफल घेऊ नका. १७ एचएमआर या छोट्या काडतुसाची घ्या. साफसफाईचंही एक झेंगट: २२ ची सळई या नळीत जात नाही, २० ची वेगळी घ्यावी लागते, आणि गोळ्यांचं तांबं नळीला लवकर धरतं.

कागदपत्रांबद्दल थोडं. एच-१बी वर असलेल्यांना इथे बंदूक घ्यायला कायद्याने मुळात मनाई. शिकारीचा परवाना असला तर अपवाद आहे. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. मग दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म, पार्श्वभूमीची तपासणी, संपलं. आमच्या संगमेश्वरकडे आजोबांची ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर होती आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. त्यामुळे इथलं काउंटरवरचं काम उरकल्यावर मी थोडा वेळ तसाच उभा होतो, अजून कोणी शिक्का मारायला येईल म्हणून.

काडतुसांचं मात्र पाहून ठेवा. दुकानात २२३ ची भिंत असते आणि २०४ चे दोन डबे, तेही कधीकधी ३२ ग्रेनचेच. माझ्या नळीला ४० मानवतात, म्हणून दिसले की घेऊन ठेवतो.