नौपाडा, ठाणे: बास्केटबॉलचे बूट फेकायच्या आधी इथे दाखवा

पोरांच्या बास्केटबॉलच्या बुटांचा सोल उघडला की आपण सरळ नवीन जोड घेतो, आमच्याकडेही तेच चालायचं. सोसायटीचं कोर्ट सिमेंटचं, त्यावर बूट फार टिकत नाहीत. यावेळी थोरल्याने ऐकलंच नाही, पायाला मस्त बसलेत, हेच दुरुस्त करून आणा म्हणाला. मग नौपाड्यात एका गल्लीतल्या छोट्या दुकानात दिले, पाटीवर फक्त 'बूट चप्पल दुरुस्ती' एवढंच आहे.

काम बघण्यासारखं आहे. काकांनी आधी रापीने जुना गोंद खरवडून काढला, मग पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, सोल्यूशन लावून लगेच न चिकटवता वाळू दिलं, मग गरम करून दाबलं आणि वरून कडेने पूर्ण शिलाई मारली. बाकी ठिकाणी नुसतं चिकटवून हातात देतात आणि खेळताना पहिल्यांदा झटकन दिशा बदलली की परत उघडतं, इथे तसं झालं नाही, पोरगं रोज खेळतंय आणि शिलाई जशीच्या तशी आहे. दोन्ही बुटांचे मिळून ३०० रुपये घेतले.

दुसरा जोड थोरल्याला लहान झालेला, तोही नीट करून धाकट्याला दिला. तो रुसला, मला जुनेच का म्हणून. तेव्हा थोरल्याने त्याला बास्केटबॉलपटू यानिस अँटेटोकुंपोचं सांगितलं, दोघेही त्याचे जबरदस्त फॅन. अथेन्सच्या सेपोलिया भागात वाढलेला पोरगा, आईवडील नायजेरियातून आलेले, कागदपत्रं नाहीत त्यामुळे धड नोकरी नाही, ही भावंडं रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकायची. जन्म ग्रीसमधलाच, १९९४ चा, पण नागरिकत्व मिळालं २०१३ मध्ये. फिलाथ्लितिकोस नावाच्या छोट्या क्लबमध्ये तो आणि मोठा भाऊ थनासिस खेळायचे तेव्हा दोघांत बुटांचा एकच जोड असायचा, एकाचं खेळून झालं की दुसरा तेच घालून उतरायचा. त्याच २०१३ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या लीगमधल्या मिलवॉकी बक्स टीमने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडतात त्यात, १५ व्या नंबरवर घेतलं, २०१९ आणि २०२० ला लागोपाठ एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २०२१ च्या फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये एकट्याचे ५० पॉइंट आणि चॅम्पियनशिप. त्या टीममध्ये थनासिसही होता! आणि २०१९ पासून यानिसच्या स्वतःच्या नावाचे बूट बाजारात आहेत. माझ्या मते पोरांना त्याचे डंक (उडी मारून बॉल थेट बास्केटमध्ये घालणं) दाखवतो तसं हेही सांगायला हवं. धाकट्याने बूट घातले आणि खाली पळाला.

काकांचं आवडलं ते हे की नाही म्हणायचं तिथे ते सरळ नाही म्हणतात. आम्ही तिसरा जोडही नेला होता, त्याची खालची ग्रिप घासून पार गुळगुळीत झालेली, ते म्हणाले चिकटवून देईन पण पोरगा घसरेल, पाय मुरगळेल, यावर पैसे घालू नका. घेतलाच नाही त्यांनी तो.

दुपारी दुकान बंद असतं, संध्याकाळी जा. पावसाळ्यात घाई करू नका, सोल्यूशन वाळायला वेळ लागतो, मॅचच्या आदल्या दिवशी नेऊन उपयोग नाही. आणि शिलाई मारा असं आधीच सांगा, नुसतं चिकटवण्याचा रेट वेगळा आहे.