टाइप-२ कोऑर्डिनेशनचे मोटर फीडर : १४ महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीच्या सँड प्लांटचे (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागाचे) पॅनेल १४ महिन्यांपूर्वी नव्याने बांधून घेतले. त्यातील ११ फीडर (एकेका मोटरला वीज देणारे भाग) डीओएल, म्हणजे मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देऊन सुरू करणारे, असून प्रत्येकात एमपीसीबी (मोटरला ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटपासून वाचवणारा ब्रेकर) आणि कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा, कॉइलवर चालणारा स्विच) अशी जोडी आहे. ही जोडी उत्पादकाच्या कोऑर्डिनेशन तक्त्यातून, ४१५ व्होल्ट आणि ५० केएच्या (किलोअँपिअर, शॉर्ट सर्किटचा प्रवाह) रकान्यातून, टाइप-२ म्हणून, म्हणजे शॉर्ट सर्किटनंतरही पुन्हा वापरता येईल अशी, निवडलेली आहे. देखभालीची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

जुन्या पॅनेलमध्ये एमसीबी, कॉन्टॅक्टर आणि थर्मल रिले (ओव्हरलोड झाल्यास मोटर बंद करणारा) हे तिन्ही आपापल्या अँपिअरप्रमाणे बरोबर होते, पण ते एकत्र कधी कोणी तपासलेले नव्हते. शॉर्ट सर्किट झाले की एमसीबी पडत असे, परंतु तोपर्यंत रिलेची हीटर पट्टी जळालेली आणि कॉन्टॅक्टरचे पोल वितळून एक झालेले असत. आयईसी ६०९४७-४-१ या मानकानुसार टाइप-१ मध्ये असे नुकसान मान्य आहे. माणसाला आणि बाकीच्या पॅनेलला धोका पोहोचता कामा नये, एवढीच तेथे अट आहे. टाइप-२ मध्ये मात्र स्टार्टर, म्हणजे मोटर सुरू करणारी ही जोडी, पुन्हा वापरण्याजोगा राहिला पाहिजे. कॉन्टॅक्ट हलकेसे चिकटलेले चालतात, पण ते सहज सुटले पाहिजेत आणि ओव्हरलोड संरक्षणाच्या गुणधर्मात फरक पडता कामा नये.

याची खरी परीक्षा या ऑगस्टमध्ये झाली. बकेट एलिव्हेटरच्या ७.५ किलोवॅट मोटरच्या टर्मिनल बॉक्सचा ग्लँड (केबल आत शिरते तेथील घट्ट बसणारा भाग) सैल राहिला होता, आत पाणी गेले आणि दोन फेज एकमेकांना भिडले. एमपीसीबी तत्काळ पडला. पुरवठा बंद करून, कुलूप लावून मी कॉन्टॅक्टरचे पुढचे झाकण काढले. कॉइलला वीज नसूनही आर्मेचर (कॉन्टॅक्टरचा हलणारा भाग) पुरते मागे आले नव्हते. मधल्या पोलचे चांदीमिश्रित बिंदू चिकटले होते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवताच बारीक ‘टक्’ आवाज होऊन ते सुटले. पृष्ठभागावर मोहरीएवढा काळसर खड्डा होता, बाकी काही नाही. त्यावर कानस मारण्याचा मोह वायरमनला झाला, तो मी थांबवला, कारण घासल्याने चांदीच कमी होते. टर्मिनल बॉक्स कोरडा करून, ग्लँड बदलून, केबल आणि मोटरचे मेगर रीडिंग (इन्सुलेशनचा रोध) घेऊन दीड तासात एलिव्हेटर सुरू झाला. पूर्वी अशा बिघाडात आमची अख्खी पाळी जात असे.

यातील एक गोष्ट मला हिशेब केल्यावरच कळली. आमच्या ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर शॉर्ट सर्किटचा प्रवाह सुमारे १५ केए येतो, म्हणून निवड करताना माझे सगळे लक्ष ५० केएच्या आकड्यावर होते. पण एलिव्हेटरपर्यंतची केबल ४ चौरस मिमी तांब्याची आणि ६० मीटर लांबीची आहे. तिच्या एका कोअरचा रोध सुमारे ०.२८ ओहम भरतो, म्हणजे दोन फेजमधील दोषात प्रवाह फार तर ७५० अँपिअरच्या आसपास. मोठ्या प्रवाहाबरोबरच एका लहान प्रवाहावरही जोडी तपासावी असे मानक सांगते, आणि १६ अँपिअरपर्यंतच्या स्टार्टरसाठी तो प्रवाह १ केए आहे. शेतात म्हणा वा कारखान्यात, लांब केबलच्या टोकाला होणारे बहुतेक दोष याच टापूत पडतात, त्यामुळे ही दुसरी चाचणी मला पहिलीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

तक्रारीही आहेत. सुरुवातीला सँड मिक्सरची नवी आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातील) मोटर चालू करताना एमपीसीबी अधूनमधून पडत असे. मोटरचा प्रवाह १४ अँपिअर आणि एमपीसीबीची रेंज ९ ते १४, म्हणजे डायल अगदी टोकाला. या मॉडेलचा मॅग्नेटिक ट्रिप (शॉर्ट सर्किटला तत्काळ पडण्याचा प्रवाह) रेंजच्या कमाल आकड्याच्या १३ पट, म्हणजे १८२ अँपिअरवर असतो, आणि आयई३ मोटरचा पहिला झटका त्यापलीकडे जात होता. १३ ते १८ रेंजचा एमपीसीबी बसवून डायल १४ वरच ठेवला. ओव्हरलोड संरक्षण तेच राहिले आणि मॅग्नेटिक ट्रिप २३४ वर गेला. मात्र त्यासाठी तक्त्याची पुढची ओळ लागू झाली आणि कॉन्टॅक्टरही एक माप मोठा घ्यावा लागला.

दुसरी अडचण स्टोअरची. एकदा त्याच अँपिअरचा, पण दुसऱ्या उत्पादकाचा कॉन्टॅक्टर आला. मोटर उत्तम चालली असती, पण तपासलेली जोडी मोडली असती, म्हणून मी तो परत पाठवला. आता प्रत्येक फीडरच्या दारावर आतून दोन्ही भागांचे कॅटलॉग क्रमांक चिकटवले आहेत आणि खरेदीच्या मागणीवर अँपिअरऐवजी तेच क्रमांक लिहिले जातात.

ओव्हरलोडने पडला की शॉर्ट सर्किटने, हे आमच्या मॉडेलच्या हँडलवरून कळत नाही. त्यासाठीचा संकेत-कॉन्टॅक्ट वेगळा विकत घ्यावा लागतो. तो खर्च वाचवू नये. घाईत रिसेट करणाऱ्या माणसाला तेवढी एक खूण पुरेशी होते. दिवाळीच्या शटडाउनमध्ये अकराही फीडरवर तो बसवणार आहे. या अकरांव्यतिरिक्त असलेले कूलिंग टॉवरच्या पंख्यांचे तीन फीडर मात्र मी टाइप-१ चेच ठेवले आहेत, कारण तेथे चौथा पंखा राखीव आहे आणि एक दिवस थांबणे परवडते.