पातळ कवचाची अंडी: शिंपल्याचा चुरा, चुनखडी, टरफले की लेयर खाद्य?

परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्याला एखाद्या सकाळी खुराड्यात कवचच नसलेले, पाणी भरलेल्या पिशवीसारखे लिबलिबीत अंडे सापडते, किंवा टोपलीत ठेवतानाच अंडी पिचकू लागतात, तेव्हा ‘कॅल्शियम द्या’ असे जो तो सांगतो; ते कशातून द्यावे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

आधी हिशेब पाहावा. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते आणि खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच अंगी लागते, म्हणून नियमित अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिवसाला जवळपास 4 ग्रॅम कॅल्शियम लागते. कणी, ज्वारी, मका यांतून ते नावापुरतेच मिळते. वर्षाला मोजकीच अंडी घालून मध्ये खुडूक बसणारी गावठी कोंबडी किडे, गोगलगायी आणि पाला टिपून आपले भागवते. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्यांना, त्या अधिक अंडी देत असल्याने, तेवढ्यावर भागवता येत नाही. त्यामुळे नुसती गावठी पाळणाऱ्याने खर्चात पडण्याची फारशी गरज नाही, असे माझे मत आहे.

शिंपल्याचा चुरा आणि चुनखडीचे खडे यांत श्रेष्ठ कोणते, यावर पुष्कळ वाद चालतो. प्रत्यक्षात दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असून दोहोंत कॅल्शियमचे प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास असते. खरा फरक पडतो तो आकाराने. कवच चढायला 20 तासांच्या आसपास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना, चालते; ज्वारीच्या दाण्याएवढा खडा पेषणीत (दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या जठरात) अडकून पहाटेपर्यंत थोडा थोडा विरघळत राहतो, तर पिठासारखी भुकटी बरीच आधी पुढे सरकते आणि ऐन गरजेच्या वेळी कोंबडीला स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढावे लागते. म्हणून स्वस्त मिळते म्हणून भुकटीचे पोते आणण्यापेक्षा थोडे जास्त देऊन खडे घ्यावेत. कोकणात आणि गोव्यात तिसऱ्यांची व कालवांची टरफले घरचीच असतात. ती गोड्या पाण्यात दोनतीनदा धुऊन मीठ काढावे, कडक उन्हात वाळवावीत, पोत्यात घालून कुटावीत आणि चाळून मधला भाग ठेवावा. देशावर चुनखडीच सोयीची पडते, फक्त मॅग्नेशियम जास्त असलेला डोलोमाइट आपल्या माथी मारला जात नाही ना, हे विचारून घ्यावे. पानाला लावायचा चुना मात्र कधीही देऊ नये, तो दाहक असतो. साध्या वाळूचे खडे दाणे दळायला उपयोगी पडतात, पण त्यांतून कॅल्शियम मिळत नाही.

अंड्यांची टरफले फुकट असतात, हाच त्यांचा मोठा गुण. पण वरचा हिशेब लावला तर प्रत्येक अंड्याचे टरफल परत घातले तरी निम्मी गरजही जेमतेम भागते, आणि विकलेल्या अंड्यांची टरफले तर गिऱ्हाइकाच्या घरी जातात. शिवाय ती तव्यावर चांगली भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून द्यावी लागतात. अर्धवट फोडून टाकली तर कोंबडीला अंडी फोडून खाण्याची खोड लागू शकते.

लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यात, साधारण साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि त्यासोबत फॉस्फरस व ड-3 जीवनसत्त्वही मोजून घातलेले असते, म्हणून कोंबड्या बंदिस्त असतील तर हाच पर्याय निवडावा. परसात फिरणाऱ्या कोंबड्यांना मात्र सवयीने वरून दाणे टाकले जातात आणि हिशेब कोसळतो: दिवसाच्या 110 ग्रॅमपैकी निम्मे दाणे असतील तर कॅल्शियम 2 ग्रॅमच्या आसपासच उरते. त्यातच खुडकीची पिल्ले त्याच भांड्यात चोच घालत असतील तर इतके कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना अपाय करते. पाण्यातून द्यायचे टॉनिक महाग पडते, आणि डबक्यातले पाणी पिणाऱ्या कोंबडीच्या पोटात ते किती गेले, ते कळणे कठीण.

माझ्याकडे गावठी आणि सुधारित कोंबड्या एकत्र आहेत, आणि मी नेहमीचे दाणे-खाद्य चालू ठेवून शिंपल्याच्या खड्यांची वेगळी वाटी खुराड्याच्या आडोशाला ठेवतो. संध्याकाळी दांडीवर चढण्यापूर्वी अंड्यावरच्या कोंबड्या तिच्यापाशी येऊन चार-दोन खडे टिपतात; कोंबडा सहसा ढुंकून पाहत नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकणाऱ्या कोंबडीचे कवच मात्र कॅल्शियम असूनही पातळ पडते, कारण कवचातल्या कार्बोनेटसाठी लागणारा रक्तातील कार्बन डायऑक्साइड धापांमुळे घटतो. तिथे सावली, गार पाणी आणि पहाटेचे खाद्य हाच उपाय. वय वाढले की अंडे मोठे होते आणि कवच ताणले जाते, त्यालाही खडे थोडाच हातभार लावतात. आणि कवच सुरकुतलेले असेल, फोडल्यावर पांढरे पाण्यासारखे पसरत असेल आणि खुराड्यातून शिंका किंवा घरघर ऐकू येत असेल, तर वाटीत काय घालावे हा विचार सोडून त्या कोंबड्या वेगळ्या कराव्यात आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.