विक्रीवर ६ टक्के की नफ्यावर १५?

रशियात छोट्या व्यावसायिकांसाठी २००३ पासून सरलीकृत करपद्धती आहे. तिच्यात दोन वाटा आहेत: एकूण उत्पन्नावर ६ टक्के, किंवा खर्च वजा जाता उरेल त्यावर १५ टक्के. हा पैसा प्रांतांच्या तिजोरीत जातो, त्यामुळे दुकानदाराची निवड थेट प्रांताच्या अंदाजपत्रकात उमटते.

पहिल्या वाटेत खर्चाच्या पावत्या तपासाव्याच लागत नाहीत. विक्री झाली की कर आला. मंदीत नफा आटला तरी विक्री पूर्ण थांबत नाही, म्हणून प्रांताची आवक तग धरते. पण हाच कर तोट्यातल्या माणसालाही भरावा लागतो, आणि ते मला खटकतं.

दुसरी वाट न्याय्य आहे, मात्र खर्च फुगवायला तिथे वाव राहतो. तोटा दाखवला तरी उत्पन्नाच्या किमान १ टक्का भरावाच लागतो, तेवढाच प्रांताला आधार.

साधा हिशेब केला तर खर्च उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर गेला की दुसरी वाट स्वस्त पडते. म्हणजे भरपूर नफ्याचे धंदे ६ टक्क्यांकडे वळतात. शिवाय प्रांतांना हे दर अनुक्रमे १ आणि ५ टक्क्यांपर्यंत उतरवता येतात.